दगडाचे छत

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाताना जमिनीचे रूप बदलते. लातूर आणि नांदेड शहरांच्या आसपास काळा दगड आढळतो. देगलूर-बिलोलीच्या बाजूला मात्र करड्या, गुलाबी रंगाच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या दिसतात. त्या कोणी बरे रचल्या असतील?

त्या कोणीही रचलेल्या नाहीत. काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना आहे. तो जमिनीच्या पोटात हळूहळू थंड झाला. वरचा खडक झिजल्यावर तो उघडा पडला. त्याच्या भेगांत पाणी शिरले, कोपरे झिजले आणि गोलसर शिळा उरल्या. एक शिळा दोन शिळांवर टेकली, की तिच्या खाली दगडाचे छत तयार होते.

अशा शिळांवर दोराशिवाय चढण्याच्या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. शिळा फार उंच नसते आणि खाली जाड गादी अंथरलेली असते. चढण्याच्या प्रत्येक वाटेला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. कारण ती गणितासारखी सोडवावी लागते. जॉन गिल या अमेरिकन जिम्नॅस्टने १९५०च्या दशकात या खेळाला नवे वळण दिले. घामाने हात निसटू नयेत म्हणून जिम्नॅस्ट लावतात ती पांढरी पूड त्याने खडकावर चढताना वापरली. २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम भिंतींवरील चढाईचा प्रथमच समावेश झाला. बोल्डरिंग हा तिचाच एक भाग होता.

छतावरची वाट सर्वांत अवघड. तेथे पाठ जमिनीकडे आणि तोंड दगडाकडे असते. पाय सुटले, की सारा भार बोटांवर येतो. म्हणून टाच किंवा पायाचा चवडा दगडाच्या कडेला अडकवतात, पोट ताठ ठेवतात आणि शक्य तेव्हा हात सरळ ठेवतात. वाकलेला हात लवकर थकतो. छताची कड ओलांडून वर येणे ही शेवटची परीक्षा असते.

नवी वाट शोधणारा मात्र आधी चढत नाही, आधी पाहतो. शेत कोणाचे आहे ते विचारून परवानगी घेतो. दगडावर हाताने थाप मारतो. पोकळ आवाज आला, तर तो भाग सुटा असू शकतो. बेसाल्टच्या छताखाली तर अधिक जपावे लागते. कारण त्याला भेगा फार असतात. वर आग्या मोहोळ आहे का, खाली टोकदार दगड आहेत का, उतरण्यास सोपी वाट आहे का, हेही तो पाहतो. एखादी गोष्ट मनासारखी नसेल, तर तो परत फिरतो.

खरोशाची लेणी किंवा कंधारचा किल्ला हा आपला वारसा आहे. तेथे असा खेळ कोणीही खेळू नये. इतरत्रही छिन्नीने खाचा पाडू नयेत. खाच पाडली, की वाट सोपी होते. पण पुढच्यांसाठी कोडे उरत नाही. हैदराबादेत इमारतींसाठी अशा कितीतरी शिळा फोडल्या गेल्या. फोडलेली शिळा पुन्हा घडवता येत नाही.

मुलांनो, प्रशिक्षित शिक्षकाशिवाय अशा शिळांवर चढू नका. पण देगलूरच्या वाटेवर गेलात, तर त्या नीट पाहा. एखाद्या शिळेचे छत कशावर टेकले आहे, ते तुम्हालाही ओळखता येईल.