चाक आणि तबकडी

ताशी 300 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 83 मीटर अंतर कापते. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या तर जवळजवळ एवढी लांबी होते. अशा मोटारीच्या चालकाने समोरच्या तबकडीवरचा आकडा नीट वाचण्यासाठी सेकंदभर मान खाली घातली, तर हे सारे अंतर त्याने रस्ता न पाहताच ओलांडले असे होते. आपल्यापैकी कोणाला या वेगाशी व्यवहार करण्याचा प्रसंग बहुधा येणार नाही. शर्यतीचे बंदिस्त मार्ग आणि जर्मनीतील वेगमर्यादा नसलेले काही महामार्ग सोडले, तर तो वेग गाठण्यास जगात जागाही फारशी नाही. तथापि ज्या अडचणी आपल्या साध्या मोटारीत अंधुकपणे जाणवतात, त्या या अतिवेगवान मोटारींत भिंगाखाली धरल्यासारख्या स्पष्ट दिसतात. म्हणून आज त्यांच्या इंजिनांविषयी न बोलता, चालकाच्या हातातील चाक आणि त्याच्या डोळ्यांपुढील तबकड्या यांविषयीच थोडे बोलावे असे मी योजले आहे.

मोटार चाकाने वळवावी ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. आरंभीच्या मोटारी होडीच्या सुकाणूसारख्या दांड्याने वळवीत असत. 1894 साली पॅरिस ते रुआँ या स्पर्धेत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार मोटारीला चाक बसवले, आणि थोड्याच वर्षांत दांडा मागे पडला. त्यानंतर जवळजवळ शतकभर हे चाक मुकेच राहिले. वळवणे हेच त्याचे काम. फार तर मधोमध भोंग्याचे बटण. गिअर बदलावयाचा तर एक हात चाकावरून काढून बाजूच्या दांड्याकडे न्यावा लागे. मोनाकोच्या शर्यतीत शहरातल्या अरुंद रस्त्यांवरून गाडी न्यावी लागते, आणि तेथे चालक हजाराहून अधिक वेळा गिअर बदलतो. म्हणजे तितक्या वेळा तो एका हाताने गाडी हाकत असे, आणि तेही बहुधा वळणाच्या तोंडाशी, जेथे दोन्ही हातांची खरी गरज!

ही स्थिती 1989 साली बदलली. फेरारीच्या शर्यतीच्या मोटारीसाठी जॉन बर्नार्ड या इंग्रज अभियंत्याने चाकाच्या मागे, बोटांना सहज लागतील अशा दोन पट्ट्या बसवल्या. एक ओढली की वरचा गिअर पडे, दुसरी ओढली की खालचा. क्लच दाबणे आणि दाते जुळवणे ही कामे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा विजेच्या आज्ञेने करी. यात चालकाच्या हातांची सोय हा बर्नार्डचा एकमेव हेतू नव्हता. गिअरचा दांडा आणि त्यापासून मागच्या यंत्रापर्यंत जाणाऱ्या सळ्या काढून टाकल्या की मोटारीचे अंग अरुंद करता येते आणि ती वारा अधिक चांगला कापते, हा त्याचा हिशेब होता. सरावात हे यंत्र वारंवार बिघडे. 26 मार्च 1989 रोजी ब्राझीलमध्ये रिओ येथे पहिल्या शर्यतीला गाडी उभी राहिली, तेव्हा ती थोड्याच फेऱ्यांत बंद पडणार अशी पथकातल्या लोकांचीही समजूत होती. ती शर्यत नायजेल मॅन्सेलने जिंकली. मौजेची गोष्ट अशी की, मध्येच त्याच्या हातातले ते चाकच सैल झाले आणि थांब्यावर यांत्रिकांना दुसरे बसवून द्यावे लागले. ज्या चाकाने नवे युग आणले असे आपण म्हणतो, ते त्या दिवशी शेवटपर्यंत टिकलेही नाही.

शर्यतीतली ही युक्ती रस्त्यावर येण्यास आठ वर्षे लागली. 1997 साली फेरारीने एफ-355 या आपल्या विक्रीच्या मोटारीत चाकामागच्या पट्ट्या दिल्या. 2004 सालच्या एफ-430 मध्ये चाकावरच एक लहानशी खुंटी आली. ती फिरवून चालक गाडीचा स्वभाव निवडू शके; ओल्या रस्त्यासाठी एक, शर्यतीसाठी दुसरा. आणि 2009 सालच्या 458 इटालिया या मोटारीत तर वळणाचे दिवे, काचेचे पुसणे, गाडी सुरू करणे ही सारी कामे चाकावरच्या बटणांकडे आली व चाकामागच्या नेहमीच्या दोन काड्या नाहीशा झाल्या.

येथे जाणत्या चालकाला शंका येईल. चाक फिरते, तेव्हा त्यावरची बटणेही फिरणार. चौकात अर्धे वळण घेतल्यावर डाव्या दिव्याचे बटण उजवीकडे आणि उलटे झालेले असेल, तर बोटाने ते शोधावे कोठे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर चाकावर नसून त्याच्या खालच्या दातेरी यंत्रात आहे. साध्या मोटारीत हातातले चाक पंधरा-सोळा अंश फिरवावे तेव्हा रस्त्यावरची चाके एक अंश वळतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास चाकाचे सुमारे तीन फेरे होतात. 458 मध्ये हे प्रमाण साडेअकराला एक असे ठेवले होते. दोन टोकांमधले फेरे सुमारे दोन. त्यामुळे बहुतेक वळणे चाकावरची पकड न बदलताच घेता येतात. हात चाकाबरोबर जातो, बटण हाताबरोबर जाते, आणि अंगठा व बटण यांचे नाते कायम राहते. अर्थात गाडी उभी करताना किंवा अगदी आखूड चौकात ते नाते तुटते, आणि तेथे चालकाची फजिती होते, ती होतेच. चाकामागच्या पट्ट्यांविषयी याच कारणाने दोन पक्ष आहेत. फेरारीच्या पट्ट्या चाकाबरोबर फिरत नाहीत, त्या मागच्या खांबाला जडलेल्या आणि लांबलचक असतात. पोर्शेच्या पट्ट्या चाकाबरोबर फिरतात. मला विचाराल तर स्थिर पट्टीचा पक्ष मला अधिक पटतो, कारण डावे आणि उजवे हे शब्द तेथे कधी अर्थ बदलत नाहीत. चाकाची खालची कड चपटी करण्याची टूम मात्र रस्त्यावरच्या मोटारीत बव्हंशी शोभेचीच. शर्यतीच्या चिंचोळ्या बैठकीत गुडघ्यांना जागा हवी असते, म्हणून ती निघाली.

आता डोळ्यांकडे वळू. अशा मोटारीत मुख्य तबकडी वेग दाखवणारी नसून इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारी असते. वेगाचा अंदाज अनुभवी चालकाला रस्त्यावरून येतो. परंतु इंजीन आपल्या मर्यादेच्या किती जवळ आले आहे हे त्याला क्षणोक्षणी कळावे लागते. 1963 साली दाखवलेल्या पोर्शे 911 मध्ये पाच गोल तबकड्या एका रांगेत होत्या आणि मधली, सर्वांत मोठी, फेऱ्यांची होती. शर्यतीच्या जुन्या मोटारींत तर ही तबकडी मुद्दाम वाकडी बसवीत, जेणेकरून धोक्याचा आकडा बरोबर माथ्यावर येई. चालक आकडा वाचीतच नसे. काटा उभा झाला की गिअर बदलावयाचा, एवढे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळले की पुरे. काट्याचे हे सामर्थ्य आकड्यात नाही. आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो.

परंतु काट्यालाही वजन असते. लेक्सस एलएफए ही जपानी मोटार 2010 ते 2012 या काळात केवळ 500 बांधल्या गेल्या. तिचे दहा नळकांड्यांचे इंजीन मंद गतीपासून 9,000 फेऱ्यांपर्यंत 0.6 सेकंदात पोचे. खरा काटा या चढाईच्या मागे पडू लागला, म्हणून अभियंत्यांनी तबकडीच्या जागी पडदा बसवला आणि त्यावर काट्याचे चित्र फिरवले. चित्राला जडत्व नसते. पडद्याच्या बाजूने केलेला याहून प्रामाणिक युक्तिवाद माझ्या पाहण्यात नाही. शर्यतीच्या मोटारींनी आणखी पुढची पायरी गाठली. फॉर्म्युला वनच्या चाकावर आज वीसएक बटणे व खुंट्या आणि मधोमध पडदा असतो. परंतु गिअर बदलण्याची वेळ सांगण्याचे काम वरच्या कडेला असलेल्या लहान दिव्यांच्या रांगेकडे आहे. रांग भरत जाते, रंग बदलतो, आणि दृष्टी रस्त्यावरून न हलवताच संदेश पोचतो. रस्त्यावरच्या मोटारीच्या चाकात मधोमध हवेची सुरक्षा-पिशवी ठेवावी लागते, म्हणून तो पडदा तेथे येऊ शकत नाही. दिव्यांची रांग मात्र काही मोटारींत आली आहे.

पडदा एकदा आला की तो आपली हद्द वाढवू पाहतो. 2019 सालच्या फेरारी एसएफ-90 मध्ये सारी तबकडी म्हणजे सोळा इंचांचा वक्र पडदा झाली, आणि चाकावरची बरीचशी बटणे जाऊन तेथे गुळगुळीत, स्पर्शाने चालणारे पृष्ठभाग आले. इंजीन सुरू करण्याचे बटणही केवळ स्पर्शाचे झाले. हात चाकावर, दृष्टी रस्त्यावर हेच या रचनेचे ब्रीद होते, आणि घोटाळा नेमका तेथेच झाला.

पेटी वाजवणाऱ्याकडे पाहा. तो पट्ट्यांकडे पाहत नाही, तो गवयाच्या तोंडाकडे पाहतो. काळ्या पट्ट्या उंच आहेत, दोन आणि तीन अशा गटांनी बसलेल्या आहेत, म्हणून बोटाला आपण कोठे आहोत ते समजते. पट्टी दबली हेही बोटालाच समजते. त्याच पट्ट्या सपाट काचेवर रंगवून दिल्या, तर उत्तम वादकालाही मान खाली घालावी लागेल. मग चुकून बोट टेकले तरी सूर उमटेल, आणि हवा असेल तेव्हा तो उमटेलच याची खात्री राहणार नाही. एसएफ-90 आणि तिच्या भावंडांच्या चाकांविषयी हीच तक्रार झाली. वळण घेताना तळहात लागून नको ती आज्ञा जाई. हवी ती आज्ञा देण्यासाठी बोट कोठे आहे ते पाहावे लागे. आरंभीच्या हिशेबातले 83 मीटर येथे पुन्हा आठवावेत. 2025 साली फेरारीने अमाल्फी ही मोटार दाखवली, तेव्हा तिच्या चाकावर दाबली जाणारी खरी बटणे परत आली होती, आणि इंजीन सुरू करण्यासाठी ॲल्युमिनियमचे लाल बटण होते. त्याच वर्षीच्या 849 टेस्टारोसातही तसेच. नव्या मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही 2026 पासूनच्या चाचण्यांत वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, काचेचे पुसणे आणि संकटकाळची हाक यांसाठी प्रत्यक्ष बटण वा दांडा असण्याला गुण ठेवले आहेत. हा नियम श्रीमंतांच्या खेळण्यांपुरता नाही, तो साध्या मोटारींसाठीच मुख्यतः आहे.

याउलट, हा सारा वाद चाकावर आणूच नये, असे मानणारेही आहेत. इंग्लंडमधील मॅक्लारेनने 2017 साली 720-एस ही मोटार काढली. तिच्या चाकावर भोंग्याखेरीज एकही बटण नाही. रस्त्याचा कंप हाताला स्वच्छ पोचावा, आणि हाताने दुसरे काही करू नये, हा त्यामागचा विचार. तिचा पडदा हवा तेव्हा आडवा होऊन खाली जातो आणि त्याची एक अरुंद पट्टी तेवढी दिसत राहते: फेरे, गिअर, वेग. उरलेले सारे त्या घटकेला चालकाच्या उपयोगाचे नसते. 2024 साली पोर्शे 911 मधला शेवटचा खरा काटाही जाऊन तेथे पूर्ण पडदा आला. साठ वर्षांची ती मधली तबकडी आता चित्ररूपाने उरली आहे.

आणि त्याच 2024 साली फ्रान्समध्ये बुगाटीने तूर्बियों ही मोटार दाखवली. तिच्या तबकड्या स्वित्झर्लंडच्या घड्याळकारांनी केल्या आहेत. टायटॅनियम, नीलमणी व माणिक वापरून बनवलेले सहाशेहून अधिक भाग, आणि एकंदर वजन 700 ग्रॅम. चाकाचा मधला भाग येथे फिरतच नाही. तबकड्या स्थिर राहतात आणि त्यांच्याभोवती नुसते रिंगण फिरते. रिंगणाचे आरे तबकड्यांच्या मागून जातात, त्यामुळे चाक कितीही वळवले तरी काटे झाकले जात नाहीत. पडदा याही मोटारीत आहे, पण तो दोन आसनांच्या मधल्या भागात लपवलेला असतो. गाडी मागे घेताना तो वर येऊन मागचे दृश्य दाखवतो. त्याला वर येण्यास दोन सेकंद लागतात.