घर बांधण्यापूर्वी

नगरपालिकेच्या गावात स्वतःच्याच जागेवर घर बांधणाऱ्या गृहस्थास परवानगी का मागावी लागते? कारण त्याच्या भिंतीवर शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि रस्त्याची रुंदी अवलंबून असते. मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा व बांधकामाचा आराखडा जोडून अर्ज द्यावयाचा आणि त्याची पोच जपून ठेवावयाची. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार अर्ज, किंवा मागविलेला खुलासा, पोचल्यापासून ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र आराखडा नियमांत तंतोतंत बसला पाहिजे. एरवी हे संरक्षण उरत नाही आणि उभी भिंत पाडण्याची पाळी येऊ शकते. म्हणून दिवस मोजण्याआधी घराभोवती सोडलेली जागा मोजावी, हेच शहाणपणाचे.