रिपोर्ट नॉर्मल, पण किडनी?

नागावात नारळ-सुपारीची वाडी सांभाळणाऱ्या 65 वर्षांच्या आजी आणि किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवणारा 25 वर्षांचा तरुण. समजा, दोघांनाही मधुमेह आहे आणि दोघांचेही रक्तातले क्रिएटिनिन 1.1 आले. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत हा आकडा बसतो, म्हणून दोघेही निर्धास्त. पण वय आणि लिंग धरून 2021 च्या ‘सीकेडी-ईपीआय’ सूत्राने हिशेब केला, तर तरुणाच्या किडनीची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) 95 च्या आसपास येते आणि आजींची 56. ती तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिली, तर तो दीर्घकालीन किडनीविकार मानतात.

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंमध्ये. स्नायू कमी असतील, तर किडनी थकली तरी ते फारसे वाढत नाही. आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3 होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ही तुलना सांगते, की बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात.

म्हणूनच ‘सिस्टाटिन सी’कडे लक्ष गेले. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे त्यावर स्नायूंचा प्रभाव कमी. थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइड मात्र त्यातही गफलत करतात. अचूक अंदाज हवा असेल, तर दोन्ही चाचण्या एकत्र वाचाव्यात, असे ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात.

तरीही नुसत्या रक्तावर विसंबून चालत नाही. मधुमेहाच्या सुरुवातीला किडनी उलट जास्तच गाळते, त्यामुळे ईजीएफआर उत्तम दिसतो आणि तेव्हाच लघवीतून अल्ब्युमिन झिरपू लागलेले असू शकते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन आढळले, तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात, कारण ताप किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानेही ते वाढते.

या टप्प्यावर कळले, तर रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि एसजीएलटी-2 गटातल्या औषधांनी किडनीची घसरण मंद करता येते. त्यामुळे टाइप-2 मधुमेहाचे निदान होताच आणि नंतर दरवर्षी, लॅबमध्ये रक्ताबरोबर लघवीचाही नमुना द्या आणि रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल, तर तो डॉक्टरांना विचारा.