महापुराचे पाणी, दुष्काळाची तहान

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर पोहोचली. येथून शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेले आटपाडी व जत हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तिकडे पाचशे मिलिमीटरची शाश्वती नाही. तेव्हा एकाचा पूर दुसऱ्याच्या शिवारात का नेऊ नये, असा प्रश्न सहजच पडतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याची राज्य शासनाची योजना याच विचारातून पुढे आली आहे.

ही कल्पना पारखण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. तेवढे पाणी एका दिवसात वळवायचे, तर अहोरात्र ११,५०० क्युसेकहून अधिक वेगाने ते खेचावे लागेल. २०१९ च्या महापुरात अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग झाला होता, म्हणजे दिवसाला ४० टीएमसीहून जास्त. पूर चार-आठ दिवसांत ओसरतो. त्या अवधीपुरते चालणारे अवाढव्य पंप वर्षभर मिटून ठेवणे परवडणारे नाही. त्यामुळे अशा योजनेने कोल्हापूर-सांगलीचा पूर टळेल, ही अपेक्षा फोल ठरण्याचाच संभव अधिक. दुष्काळी भागाला मात्र तिचा उपयोग होऊ शकतो, अट एवढीच की आलेले पाणी साठविण्यास तेथे तलाव हवेत.

दुसरा प्रश्न विजेचा. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्याचे पाणी उताराने वाहत येते. मोठा प्रकल्प एखाद्या मुलखाचे भाग्य कसे पालटतो, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु दुष्काळी माणदेश कृष्णेच्या पात्राहून बराच उंचावर आहे. एक टीएमसी पाणी शंभर मीटर उचलण्यास, पंपांतील तूट धरून, सुमारे एक कोटी युनिट वीज लागते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांनी शिवारे हिरवी केली, द्राक्षे व डाळिंबे पिकविली, हे निर्विवाद आहे. पण थकीत वीजबिलांपायी पंप थांबण्याची वेळही आली आणि बिलाचा मोठा भार अखेर शासनाला उचलावा लागला.

तिसरा प्रश्न वाटपाचा, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. एवढ्या खर्चाने चढविलेले पाणी कालव्याच्या मुखाशी असलेल्या उसाने पिऊन टाकले, तर शेवटच्या गावाला कोरडी चारीच पाहावी लागते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख व डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी परिसरात उभ्या राहिलेल्या पाणी संघर्ष चळवळीने १९९० च्या दशकापासून समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा, ही त्यांची मागणी होती. ती बाजूला सारून केवळ पाइप व पंप यांचीच चर्चा होत राहिली, तर दुष्काळ जागा बदलील एवढेच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे अजून कोणी विसरलेले नाही. तहानलेल्यास पाणी नाकारणे कोल्हापूरच्या वृत्तीत बसत नाही. मात्र नव्या योजनेची पहिली निविदा निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात: किती दिवस व किती पाणी उचलणार, वीजबिल कोण भरणार, आणि कालव्याच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचा हक्काचा वाटा किती. या प्रश्नांची उत्तरे असतील, तर योजना मोठी असण्यास हरकत नाही.