सूर तेच, फुंक वेगळी

रॉक आणि लोकप्रिय संगीतातल्या सॅक्सोफोनला जाणकारांच्या बैठकीत सहसा खालची जागा मिळते. चार्ली पार्कर, जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझमधली वेगवान झेप आणि आयत्या वेळी सुचणारा विस्तार कानांत मुरलेला असला, की गाण्याच्या दोन कडव्यांमधला, आधीच बेतलेला आठ-सोळा बारांचा पीस किरकोळ वाटू लागतो. पण इथे मोजपट्टीच चुकीची लावली जाते. लोकप्रिय गाण्यातला सॅक्सोफोनवादक हा त्या गाण्याचा दुसरा गायक असतो. गायकाला आपण चाल कोणी बांधली यावरून जोखत नाही. आवाज कसा लागला, शब्द कुठे सोडला, दम कुठे घेतला यावरून जोखतो. सॅक्सोफोनलाही तोच न्याय हवा.

याचा उत्तम पुरावा जेरी रॅफर्टी यांच्या ‘बेकर स्ट्रीट’मध्ये आहे. १९७८च्या या गाण्यात राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी आल्टो सॅक्सोफोनवर वाजवलेली सुरावट गाण्याच्या शब्दांपेक्षाही अधिक लोकांच्या स्मरणात राहिली. ती मुळात सुचली कोणाला, यावर पुष्कळ वाद झाला. रॅफर्टी यांच्या कच्च्या मुद्रणात हीच सुरावट गिटारवर वाजते, आणि २०११मध्ये निघालेल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीमुळे ते मुद्रण सर्वांना ऐकता आले. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. सूर तेच, क्रम तोच. गिटारवर मात्र ती एक नेटकी चाल राहते. तार छेडली की सूर तिथून उतरणीला लागतो. सॅक्सोफोनचा सूर वाजू लागल्यावरही वाढवता येतो, दाबता येतो, चिरकू देता येतो. रेव्हन्सक्रॉफ्ट यांना स्वतःला तो पीस पुढे ऐकवत नसे, कारण सूर किंचित उतरलेला आहे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. जगाने जे डोक्यावर घेतले ते असे, शुद्धतेच्या परीक्षेत काठावर उभे असलेले वादन. त्यातली हाक खरी आहे, आणि ती फुंकेतून आली आहे.

ही ताकद वाद्याच्या घडणीतच आहे. अडॉल्फ साक्स यांनी १८४६मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेल्या या वाद्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे त्याच्या नादात क्लॅरिनेटपेक्षा भरगच्च स्वनक येतात. रीडवरचे ओठ जरा सैल-घट्ट केले की सूर मींडेसारखा सरकतो. फुंकताना वादकाने घशातून गुणगुणले तर दोन नाद एकमेकांवर घासून गुरगुर उमटते. न्यू ऑर्लिन्सला १९५५मध्ये लिटल रिचर्ड यांच्या ‘टुटी फ्रुटी’त ली ॲलन यांचा टेनर असाच गायकाच्या आरोळीला आरोळीने भिडतो. १९५८च्या ‘याकेटी याक’मध्ये किंग कर्टिस यांनी उलटा मार्ग धरला: तुटक, टोचरे, अडखळत बोलल्यासारखे सूर. गाणे घरातल्या कुरकुरीचे, म्हणून वाद्यही कुरकुरते. तिथे कोल्ट्रेनची तान बसवली असती तर गाणेच मोडले असते.

आक्षेप असा येईल, की मग हे श्रेय संगीतकाराचे. वादक नुसता हुकमाचा ताबेदार. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘जंगललँड’मधला (१९७५) क्लॅरेन्स क्लेमन्स यांचा दोन मिनिटांहून लांब पीस स्प्रिंगस्टीन यांनी स्टुडिओत कित्येक तास एकेक तुकडा निवडून, जुळवून घडवून घेतला, हे खरेच आहे. पण इतके तास खर्ची पडले तेच मुळी सूर ठरवून भागत नव्हते म्हणून. ‘केअरलेस व्हिस्पर’ची (१९८४) सुरुवातीची चाल तर आज नवशिकाही वाजवतो, तरी त्या वेळी अनेक वादक आजमावून झाल्यावरच स्टीव्ह ग्रेगरी यांचे वादन पसंत पडले. त्या यशानंतर सॅक्सोफोन जिथे तिथे तोंडी लावण्यासारखा वापरला गेला आणि त्याचा वीट आला, ही तक्रार रास्त आहे. तो दोष बेतणाऱ्यांचा. आणि जॅझचे दिग्गजही या क्षेत्रात आले तेव्हा काय करत होते ते पाहावे: बिली जोएल यांच्या ‘जस्ट द वे यू आर’मध्ये (१९७७) फिल वुड्स, रोलिंग स्टोन्सच्या ‘वेटिंग ऑन अ फ्रेंड’मध्ये (१९८१) सनी रॉलिन्स. दोघेही आपली बहुतेक विद्या आवरून धरतात आणि गायकाच्या शेजारी बसून बोलतात. हे आवरणे मला विद्येहून कमी मोलाचे वाटत नाही.

मुंबईच्या स्टुडिओंत हीच गोष्ट मनोहारी सिंग यांनी सिद्ध केली. कोलकात्यात वाढलेले, बासरी आणि क्लॅरिनेटमध्येही तयार असलेले मनोहारीदा १९५८मध्ये सलील चौधरींच्या सांगण्यावरून मुंबईत आले. सिनेसंगीतात पीस बहुधा नोटेशनवर लिहून मिळे. वादकाला मोकळीक थोडी आणि वेळ त्याहून थोडा. ‘कश्मीर की कली’तल्या (१९६४) ‘है दुनिया उसी की’मध्ये ओ. पी. नय्यर यांच्या चालीवर मोहम्मद रफी यांचा नशेत लडखडणारा आवाज आहे, आणि त्याच्याभोवती मनोहारीदांचा सॅक्सोफोन. तो सुरांच्या कडा गोल करतो, पुढच्या सुरावर रेंगाळत पोचतो, रफी थांबतात तिथून बोलणे उचलतो. नोटेशनमध्ये सूर आणि मात्रा लिहिता येतात. ते रेंगाळणे किती, हे मनोहारीदांनी त्या टेकमध्ये ठरवले.