शरदात फुलणारे केशर

बहुतेक कंदवर्गीय झाडे वसंतात फुलतात. केशराचे झाड मात्र उन्हाळाभर जमिनीखाली निद्रिस्त राहून शरद ऋतूत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फुलते. काश्मीरमधील पांपोरच्या परिसरात ‘करेवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्राचीन सरोवराच्या गाळापासून बनलेल्या पठारांवर त्याची लागवड होते, आणि तेथील केशराला २०२० साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

केशराची गुणसूत्रे तिपटीत असल्यामुळे त्याला बी धरत नाही. म्हणून त्याचा वंश पूर्णतः घनकंदांवर, अर्थात अन्न साठवणाऱ्या भरीव, फुगीर खोडांवर अवलंबून असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी हे कंद जपले नसते तर ही वनस्पती उरलीच नसती. जुना कंद दरवर्षी संपतो व त्याच्यावर नवे कंद धरतात. उन्हाळ्याच्या उबेत कंदाच्या पोटात कळी घडते आणि हवा गारावली की ती वर येते. त्यामुळे महाराष्ट्राच्या उष्ण हवेत ते उघड्यावर फुलवणे अवघड जाते.

कंद सुमारे १० ते १५ सेंटीमीटर खोल लावतात. पाणी साचल्यास ते कुजतात, म्हणून निचरा हीच या लागवडीतील सर्वांत मोलाची बाब होय. फुलातील तीन तांबड्या कुक्षी, म्हणजे परागकण ग्रहण करणारी टोके, हेच केशर. एका ग्रॅमसाठी सुमारे दीडशे फुले पहाटे हातांनी खुडावी लागतात. शरदातच फुलणारे, दिसायला सारखे असलेले कोल्चिकम विषारी असते. त्याला सहा पुंकेसर असतात, तर केशराला तीनच.