काढा ज्याचा त्याचा, परीक्षा कुणाची?

2018 साली 'लॅन्सेट'मध्ये एक पाहणी छापून आली. तिच्या हिशेबाने चीनमध्ये सीओपीडीचे, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराचे, प्रौढ रुग्ण आहेत जवळजवळ 10 कोटी. 2011च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा, त्यावरून अंदाज घ्या. या आजारात श्वासनलिका अरुंद होत जातात, फुप्फुसातले हवेचे फुगे ढिले पडतात आणि जिना चढताना निम्म्यावर बसावं लागतं. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. इन्हेलरने श्वास जरा मोकळा होतो, इतकंच.

चीनमधल्या पुष्कळ रुग्णांच्या घरी इन्हेलरच्या शेजारी काढ्याचं मडकंही असतं. वैद्य जीभ पाहतो, नाडी पाहतो, झोपेपासून शौचापर्यंत सगळी चौकशी करतो आणि मग चिठ्ठी लिहितो. ती त्या एकाच माणसाची. शेजारच्या खाटेवरच्याला तोच आजार असला तरी काढा निराळा. आता गंमत अशी की औषधाची चाचणी घ्यायची तर शंभर जणांना एकच औषध द्यावं लागतं. मग या काढ्यांची परीक्षा घ्यायची कशी?

पळा पळा, कोण धापा टाकतो

चीनमधली एक प्रसिद्ध जुनी औषधपरीक्षा नेमकी धाप लागण्यावरच बेतलेली आहे. 1061 साली सु सोंग या दरबारी विद्वानाने वनौषधींचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. जिनसेंगची मुळी अस्सल की नकली, हे ओळखायची युक्ती त्यात आहे. दोन माणसं घ्या. एकाच्या तोंडात मुळी, दुसरा रिकामा. दोघांना तीन ते पाच ली, म्हणजे साधारण दीड ते अडीच किलोमीटर, पळवा. रिकाम्या तोंडाचा धापा टाकू लागला आणि दुसऱ्याचा श्वास जागेवर असला, तर माल खरा. हाच सु सोंग, ज्याने पुढे कायफेंगमध्ये पाण्यावर चालणारं खगोलीय घड्याळ उभारलं. गडी एकूण मोजमापाचा भोक्ता!

आज सीओपीडीच्या चाचण्यांमध्ये रुग्णाला साधारण 30 मीटरच्या सपाट व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावतात आणि अंतर मोजतात. पळणं गेलं, चालणं आलं. कल्पना तीच.

राजा, प्रधान आणि ज्येष्ठमध

चिनी काढ्यात दरबार भरलेला असतो. मुख्य औषध राजा, त्याला जोर देणारं प्रधान, मग सहायक, आणि सगळ्यांची गाठ घालून देणारा दूत. दूताची नोकरी बहुतेक वेळा आपल्या ओळखीच्या ज्येष्ठमधाकडे असते.

सगळेच दरबारी झाडपाल्याचे नसतात. दमेकऱ्यांच्या जुन्या पाककृतींत गांडूळ आहे, त्याचं औषधी नाव 'भूमीचा ड्रॅगन'. जुनाट खोकला आणि धापेसाठी टोके जातीची मोठी पालही वापरतात, बाजारात ती नरमादीच्या जोडीने विकली जाते. 2019 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचं नियंत्रण आहे. आपल्याकडे पाल चुकचुकली की लोक नुसतं 'खरंय' म्हणतात, ते बरंच म्हणायचं.

खोट्या काढ्याची खरी पंचाईत

निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारं खोटं, आणि कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नाही: चाचणीचा हा पाया. सु सोंगच्या धावपटूला मात्र मुळी तोंडात आहे हे पक्कं माहीत होतं! पांढरी गोळी खोटी बनवणं सोपं. पण कडूजहर, काळाकुट्ट, घरभर वास सोडणारा काढा खोटा कसा करणार? त्यावर संशोधकांनी काढलेली एक तोड म्हणजे खोट्या काढ्यात रंग घाला, कडवटपणा घाला, आणि चव जमावी म्हणून खऱ्या औषधाचा पाच-दहा टक्के अंशही घाला. म्हणजे फसवणूक व्हावी म्हणून थोडा खरेपणा. (या पाच टक्क्यांनीच कुणाला गुण आला तर? हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जात नाही.)

शिंप्याकडचा की तयार?

या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता प्रयोग फुप्फुसांचा नाहीच, आतड्यांचा आहे. सिडनीत आयबीएस या आतड्यांच्या जुनाट तक्रारीच्या 116 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला वैद्याने एकेकासाठी योजलेलं मिश्रण, दुसऱ्याला सगळ्यांना चालेल असं ठरीव मिश्रण, तिसऱ्याला नकली. सगळं कॅप्सूलमध्ये, म्हणजे चवीची भानगडच नाही. प्रत्येकाला वैद्य तपासत होता, चिठ्ठीही लिहीत होता. ती पाळायची की नाही ते चाचणी ठरवत होती. 1998 साली निकाल आला. सोळा आठवड्यांनंतर दोन्ही मिश्रणं नकलीपेक्षा सरस, पण मापाचं शिवलेलं तयार कपड्यापेक्षा काही वरचढ नाही. वैद्यमंडळींचं तोंड पडलं असेल. मग औषध थांबवलं आणि चौदा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर सुधारणा टिकली होती ती फक्त मापाचं घेतलेल्यांची.

तीन वैद्य, किती निदानं?

'ज्याला त्याला त्याचं औषध' हे ऐकायला छान. पण ते 'त्याचं' म्हणजे कोणतं, यावर वैद्यांचं तरी एकमत आहे का? अमेरिकेत तीन चिनी वैद्यांकडून संधिवाताच्या त्याच 40 रुग्णांची तपासणी करवली आणि 2005 मध्ये निकाल छापला. निदान जुळलं सुमारे एक-तृतीयांश वेळा.

सीओपीडीवाल्यांनी यावर मधला रस्ता काढला. माप प्रत्येकाचं घ्यायचं नाही, पण कपडे तीन साइजचे ठेवायचे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार केंद्रांवरच्या चिनी चाचणीत 352 रुग्ण होते. फुप्फुसाची 'ची' (प्राणशक्ती) क्षीण, फुप्फुस आणि प्लीहा दोन्ही क्षीण, किंवा फुप्फुस आणि मूत्रपिंड क्षीण, अशा तीन तऱ्हांना तीन ठरलेली मिश्रणं दिली. सहा महिने औषध, पुढे वर्षभर लक्ष. ही मिश्रणं घेणाऱ्यांचा आजार न घेणाऱ्यांपेक्षा कमी वेळा उसळला, चालण्याचं अंतरही वाढलं. फक्त आपण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे निकाल वाचताना चिमूटभर शंका हाताशी ठेवावी.

एकट्याचीच चाचणी

गर्दीच नको असेल तर? 1986 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी एकाच दमेकऱ्यावर चाचणी घेतली. काही दिवस खरं औषध, काही दिवस नकली, क्रम चिठ्ठ्या टाकून. निघालं काय, तर नेमाने घेतल्या जाणाऱ्या थिओफायलीनने त्याला आराम नव्हे, त्रासच होत होता. ही रीत चिनी काढ्यांना जणू बेतूनच शिवलेली, म्हणून शांघायच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांवर ती वापरून पाहिली. अडचण एवढीच की काढा थांबला तरी त्याचा परिणाम रेंगाळतो, आणि नकलीच्या पाळीत खऱ्याची उधारी चालू राहते.

काही फुटकळ, पण चुरचुरीत

हिवाळ्यात बळावणाऱ्या श्वासाच्या रोगावर इलाज ऐन उन्हाळ्यात करायचा, अशी चीनमध्ये रीत आहे. जुलै-ऑगस्टच्या काहिलीत, पंचांगात ठरलेल्या दिवशी, पांढरी मोहरी आणि आल्याच्या रसाचा लेप पाठीवर लावतात.

खोकल्यावरचं मा दौ लिंग हे फळ पिढ्यान्‌पिढ्या काढ्यात पडत होतं. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. चीनच्या औषधकोशाच्या 2020च्या आवृत्तीतून ते वगळलं.

मा हुआंग या झुडपातून जपानच्या नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये इफेड्रिन वेगळं केलं, आणि ते पुढे जगभर दम्यावर वापरलं गेलं. आपला अडुळसाही मागे नाही. त्याच्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन घडवलं, ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत आहे.

आणि जिनसेंग? सु सोंगच्या पळापळीनंतर साडेनऊशे वर्षांनी चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या 168 सीओपीडी रुग्णांना त्याच्या अर्काच्या किंवा नकली कॅप्सूल दिल्या. 2019 मध्ये निकाल लागला: दोन गटांत फरक नाही. यावर परंपरेच्या वैद्यांचं उत्तर तयारच असतं. अहो, सगळ्यांना एकच मुळी, तीही सारख्याच मात्रेत? हे आमचं वैद्यकच नव्हे.